चिमूटभर निळा

उजव्या डोळ्यावरची पट्टी काढून नर्सनं विचारलं, "दिसतंय का अज्जी?" तेव्हा गौराबाईंना सगळ्यात आधी दिसला तो तिचा गणवेश. तो पांढरा होता. असा पांढरा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"नवीन शिवलास का हा?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"नवीन कुठला अज्जी! कॉलर विरलीय बघा."

गौराबाई हसल्या. बरोबर आलेला त्यांचा मुलगा सुब्बराव मात्र हसला नाही. तो औषधांची पिशवी उघडून उगाचच आतल्या बाटल्या बघत राहिला.

निघताना डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. फार सावकाश पडतं, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. निळा, जांभळा हे रंग आधी मरतात, पांढरा मळकट दिसायला लागतो. आता नवं भिंग बसवलंय, डाव्या डोळ्याचं दोन महिन्यांनी करू. मग कागदावर थेंबांची नावं लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही काय करायच्या अम्मा? नोकरी?"

"कपडे रंगवतो आम्ही. अजून रंगवते."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग तुम्हाला फरक जरा जास्तच जाणवेल," ते म्हणाले.

शिवरामपेटेच्या एका गल्लीत खाली दुकान आणि वर घर, असं गौराबाईंचं सगळं आयुष्य गेलं होतं. रंगाऱ्यांचं घराणं. मैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणीच सांगू शकत नव्हतं. घरात बोलायचे मराठीच, पण दर दोन वाक्यांनी कन्नड यायचं. नवरा लवकर गेला, त्याच्या मागोमाग धाकटा दीरही गेला. तेव्हापासून गौराबाई आणि त्यांची धाकटी जाऊ लक्ष्मीदेवी, दोघींनी मिळून दुकान चालवलं होतं. साडीवर जाणारा ब्लाऊजपीस, अस्तर, ओढणी, जुनी विटलेली रेशमी साडी, काय हवं ते आणा आणि सोबत नमुन्याचा तुकडा द्या. गौराबाई तो तुकडा एकदा उजेडात धरायच्या, परत द्यायच्या आणि आत जाऊन रंग कालवायला घ्यायच्या. नमुना जवळ ठेवायची त्यांना गरज नसे. "गौरम्माचा डोळा" असं गल्लीत म्हणायचे. ते ऐकायची त्यांना इतकी सवय झाली होती की आपण कधी चुकू, हा विचारच त्यांच्या मनात येत नसे.

घरी आल्यावर सुब्बरावनं त्यांना खाटेवर बसवलं, काळा चष्मा हातात दिला आणि वाफेजवळ जायचं नाही असं दोनदा बजावून तो खाली गेला. गौराबाई एकट्याच बसल्या. हातानं डावा डोळा झाकला. खिडकीचा पडदा निळा होता, स्वच्छ, धुतल्यासारखा. मग उजवा झाकला. तोच पडदा शेवाळलेल्या पाण्यासारखा दिसायला लागला. त्यांना लहान मुलासारखी मौज वाटली. चादर बघितली, देवघरातली गोकर्णाची फुलं बघितली, अंगावरची साडी बघितली. ही साडी मोतिया रंगाची म्हणून त्या आवडीनं नेसायच्या. नव्या डोळ्यानं बघितली तर ती नुसती पांढरी होती.

पुन्हा पुन्हा डोळे झाकता उघडता त्यांची मौज कमी होत गेली. हात खाली आला. डावा डोळा काही आज बिघडला नव्हता. काल-परवापर्यंत दोन्ही डोळे असेच होते, आणि याच डोळ्यांनी त्या रोज दुकानात उभ्या राहात होत्या.

चार दिवस त्यांनी कसेबसे वर काढले. पाचव्या दिवशी दुपारी, जेवून आडवं व्हायच्या वेळेला, त्या जिना धरून खाली उतरल्या. पुढं दुकानात कुणी नव्हतं. मागच्या बाजूनं चुलीची घरघर ऐकू येत होती. त्या मागं गेल्या. हंडा उकळत होता आणि सुब्बराव एक ओढणी काठीला गुंडाळून आत सोडायच्या तयारीत होता. ओढणी भडक जांभळी होती, होळीला रस्त्यावर विकतात तशी. तिच्या कोपऱ्याला गाठ होती. गौराबाई कपडा हंड्यात घालण्याआधी कोपऱ्याला जी गाठ मारायच्या, तीच.

"हे कुणी रंगवलं?"

सुब्बराव दचकला. "तू खाली कशाला आलीस आई? वाफ लागेल डोळ्याला."

"मी काय विचारलं?"

त्यानं काठी हंड्यावर आडवी ठेवली. मग म्हणाला, "तूच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी."

शेजारी दोरीवर नमुन्याचा तुकडा चिमट्यानं लावलेला होता. तो फिका, वांग्याच्या फुलासारखा होता. ओढणीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

"आणि आता तू काय करतोयस?"

"रंग उतरवून पुन्हा नमुन्याला लावतोय."

"हे कधीपासून चाललंय?"

"जाऊ दे ना आई. सुम्ने, उगाच कशाला उकरून काढायचं?"

"कधीपासून, सुब्बू?"

"बरीच वर्षं झाली." त्यानं चूल बारीक केली. "तू दुपारी वर जातेस तेव्हा करून टाकतो. सगळे नाही करावे लागत. निळे, जांभळे, मोरपंखी, हिरव्यातले काही. लाल-पिवळे तुझे चांगले होतात."

सगळ्यात जास्त लागलं ते हे शेवटचं. मुलानं समजूत घालावी तसं तो बोलला होता.

"गिऱ्हाइकांना ठाऊक आहे?"

"जुन्यांना आहे. ते दुपारीच येतात."

गौराबाई भिंतीला टेकल्या. दुपारी गिऱ्हाईक जास्त का येतं, असं त्यांनीच एकदोनदा विचारलं होतं. ऊन असतं, रंग नीट दिसतो म्हणून येत असतील, असं सुब्बरावच म्हणाला होता.

"मला का नाही बोललास?"

"बोललो होतो एकदा. तू हंडा उपडा केलास आणि दोन दिवस जेवली नाहीस. आठवत नाही?"

त्यांना आठवत होतं. मुलगा उद्धट झालाय, बापाच्या माघारी आपलं कुणी ऐकत नाही, असं म्हणून त्या रडल्या होत्या. शेजारच्या बायका समजूत घालायला आल्या होत्या. त्या बायकांनाही तेव्हा माहीत असणार.

मग गौराबाईंनी हळूच विचारलं, "लक्ष्मीनं रंगवलेली ती साडी?"

सुब्बरावनं मान खाली घातली.

"तुला तेही माहीत होतं?"

"निळ्याचा डबा दुसऱ्या दिवशी मी जागेवर ठेवला आई. आदल्या दिवशीच फोडलेला नवा डबा. निम्मा झाला होता."

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ती साडी नागरत्नाबाईंची होती. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमिस्ट्रेस, मोठ्या करारी. त्यांच्या आईची रेशमी साडी विटली होती आणि लेकीनं लग्नात तीच नेसायची असं ठरलं होतं. आतल्या निरीत जिथं ऊन लागलं नव्हतं तिथला जुना रंग शाबूत होता, तोच नमुना. लक्ष्मीदेवीनं संध्याकाळपर्यंत साडी रंगवली, नमुना शेजारी धरून दाखवला. "अक्का, लागलाय बघ," म्हणाली आणि वर स्वयंपाकाला गेली.

गौराबाईंना ती साडी मातकट दिसली होती. जांभळ्याचा जीवच नाही यात, असं वाटलं. स्वतः तरुण असताना नागरत्नाबाईंच्या आईच्या अंगावर ती त्यांनी पाहिली होती, तो रंग त्यांच्या मनात जसाच्या तसा होता. साडी पुन्हा हंड्यात घालून त्यांनी निळ्याचा डबा काढला. थोडा टाकला. मातकटच. अजून थोडा. मनातला रंग दिसेपर्यंत त्या टाकत गेल्या आणि दिसला तेव्हा समाधानानं साडी पिळून वाळत घातली.

सकाळी दुकानात गर्दी होती. नागरत्नाबाईंनी साडीची घडी उलगडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काय? शाई ओतलीत काय यावर?" त्या ओरडल्या. दुकानातले सगळे वळले. गौराबाईंना साडीत काही वावगं दिसत नव्हतं, पण भोवतालचे चेहरे दिसत होते. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं. चुकणारं माणूस आपण असू, हे मात्र मनाला शिवलंही नाही.

"लक्ष्मी, काय केलंस हे?"

लक्ष्मीदेवी साडीकडं डोळे विस्फारून बघत होती. "अक्का, काल तर नमुन्याला लागली होती. तू नंतर काही..."

"मी? चिमूटभर निळा टाकला, रंग उठावा म्हणून. चिमटीनं साडी बिघडते काय? तुझा तळाचा रंगच चुकला. तुझे डोळे गेलेत लक्ष्मी. उद्यापासून हंड्याला हात लावू नकोस."

"डोळे गेलेल्या माणसाला ठेवताच कशाला?" नागरत्नाबाई म्हणाल्या होत्या. लक्ष्मीदेवी पदरानं हात पुसत वर गेली. महिन्याभरात ती आपली लेक वेदवती हिच्याकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला राहायला गेली. वेदवती तिथल्या मोठ्या कंपनीत नोकरीला होती, तिच्या तान्ह्या मुलीला बघायला कुणीतरी हवंच होतं. त्यामुळं जाण्याला निमित्त चांगलं मिळालं. पुढं सणासुदीला भेटी व्हायच्या, पण लक्ष्मीदेवी दुकानात पाऊल टाकायची नाही. गौराबाई लोकांना सांगायच्या, "बिचारीची नजर गेली."

त्या रात्री आणि पुढच्या दिवशी गौराबाईंनी स्वतःला पुष्कळ समजावलं. भिंग पिवळं पडलं त्यात माझा काय गुन्हा? वयानं जे केलं ते मी केलं नाही. पण हे म्हणता म्हणता त्या दर वेळी त्या एकाच शब्दाशी येऊन थांबत. चिमूट. रंग चुकीचा दिसला तो डोळ्यांना. चमचा किती वेळा डब्यात गेला हे हाताला माहीत होतं. तरी तोंड 'चिमूटभर' म्हणालं होतं, भर दुकानात, विचार न करता. तिथं डोळ्यांचा काही संबंध नव्हता.

रविवारी त्या हेब्बाळला निघाल्या. सुब्बराव बरोबर येतो म्हणाला, त्यांनी नको म्हटलं. रिक्षातून जाताना त्या काळ्या चष्म्याआडूनही बाहेर बघत नव्हत्या.

दार लक्ष्मीदेवीनंच उघडलं. "अय्यो अक्का! ऑपरेशन झालं म्हणे, आणि अशी एकटी आलीस?" तिनं वाकून नमस्कार केला, हात धरून आत नेलं, खुर्चीवर उशी ठेवली. ती अंगानं सैलावली होती, केस पांढरे झाले होते. अंगावर करड्या रंगाची साडी होती.

"कसली ग ही साडी नेसलीस?" गौराबाई बोलून गेल्या. "तुला करडा कधी आवडायचा?"

"वेदा काढून देते ती नेसते. मला कुठं कळतं आता." लक्ष्मीदेवी हसून म्हणाली आणि कॉफी करायला आत गेली. गौराबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. वेदवती ओट्याशी भाजी चिरत होती. तिनं "या मोठ्याई" म्हटलं, पण सुरी खाली ठेवली नाही.

लक्ष्मीदेवीनं डिकॉक्शनमध्ये दूध ओतलं आणि पातेलं लेकीपुढं धरलं. "रंग बघ ग, बरोबर झालाय का?"

"झालाय अम्मा," वेदवती न बघता म्हणाली. हे रोजचंच असावं.

गौराबाईंना उभं राहवेना. त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या. "लक्ष्मी, ती कॉफी ठेव. मला बोलायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. भिंगाचं, पडद्याचं, डॉक्टर काय म्हणाले ते, सुब्बराव दुपारी काय करतो ते. लक्ष्मीदेवी पदराचं टोक हातात धरून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे त्या दिवशी माझे डोळे..."

"ठीक होते. नमुन्याला लागली होती साडी. तू म्हणालीस तशीच."

लक्ष्मीदेवी एकदम हसायलाच लागली. "वेदा! ऐकलंस काय? माझे डोळे ठीक होते म्हणे! अग, आणि मी!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी हसू थांबत नव्हतं. "अक्का, वेदानं मला डॉक्टरकडं नेलं होतं. त्यानं सगळं तपासून सांगितलं, काही झालेलं नाही. मी घरी येऊन म्हटलं, डॉक्टरला रंगातलं काय कळतं? अक्का म्हणते ते खरं. बघ, कसली वेडी मी!"

गौराबाईंना वाटलं होतं, ती रागावेल, निदान तोंड फिरवेल. हे हसणं त्यांना बघवेना. एवढी वर्षं ही बाई कॉफीचा रंगसुद्धा लेकीला विचारून ठरवत होती, कारण तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा गौराबाईंच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

"तुझा तरी काय दोष अक्का," लक्ष्मीदेवी डोळे पुसत म्हणाली. "वयाचा दोष. घे, कॉफी घे, निवतेय."

पेला हातात आला. आता उठून गेलं असतं तर सगळं गोडच झालं असतं. वयाचा दोष म्हणून दोघींनीही मान डोलावली असती. गौराबाईंनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"अजून एक आहे. मी चिमूटभर म्हणाले होते, आठवतं?"

"हो. रंग उठावा म्हणून टाकला होतास ना."

"चिमूट नव्हती ती. चमच्यावर चमचे टाकले. अर्धा डबा गेला. तुझ्या रंगाचं मी काही उरूच दिलं नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं, लक्ष्मी. लोक बघत होते म्हणून तसं म्हणाले."

लक्ष्मीदेवीचं हसू गेलं. तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, पुसलेलीच जागा पुन्हा पुसली. तिची पाठ गौराबाईंकडं होती.

बोलली ती वेदवती. सुरी ठेवून ती वळली. "मोठ्याई, त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. आज तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन सांगताय."

"वेदा, गप," लक्ष्मीदेवी म्हणाली. पण वळली नाही.

"का गप? अजून कुणाच्या लग्नाला गेलं की लोक हिला हात धरून पायरी उतरवतात. हिला सगळं दिसतंय, तरी ही हात धरू देते. ते सगळे तुमच्या गल्लीतलेच लोक आहेत ना?"

गौराबाई म्हणाल्या, "खरं आहे तुझं," आणि उठल्या. लक्ष्मीदेवी दारापर्यंत आली, रिक्षा बोलावून दिली, पण "पुन्हा ये" असं काही म्हणाली नाही.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा दुकानात सगळ्यात गर्दीचा. त्यातल्या शनिवारी सकाळी गौराबाईंनी लक्ष्मीदेवीला आणि वेदवतीला बोलावून घेतलं. नागरत्नाबाईंना त्या स्वतः घरी जाऊन सांगून आल्या होत्या, फक्त "या" एवढंच. सुब्बराव सकाळपासून विनवत होता. "आई, धंद्याची वेळ आहे. नंतर सांग ना. मी सांगतो वाटलं तर."

"तू नाही. मीच."

लक्ष्मीदेवी दुकानाच्या उंबऱ्याशी चुळबुळत उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. वेदवतीनं तिला हलकेच पुढं केलं. नागरत्नाबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पाच-सात गिऱ्हाइकं होती, दोघी-तिघी गल्लीतल्याच. गौराबाई गल्ल्याच्या पेटीमागून बाहेर आल्या आणि सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्येच बोलल्या. नागरत्नाबाईंच्या लेकीच्या लग्नाची साडी लक्ष्मीनं बिघडवली नव्हती. मी बिघडवली. मला रंग दिसत नव्हते आणि ते मला कळत नव्हतं. निळा मीच टाकला, भरपूर टाकला आणि सगळ्यांसमोर खोटं बोलले. लक्ष्मीची नजर तेव्हाही चांगली होती, आजही आहे.

एवढं बोलायला किती धीर गोळा केला होता. बोलून झालं तर दुकानात कुणाला काय करावं ते कळेना. एक बाई कपाटाकडं बघायला लागली. कॉलेजातली एक मुलगी वाट बघून बघून शेवटी म्हणाली, "अंकल, माझा दुपट्टा झालाय का?" गल्लीतल्या एकीनं मान हलवली. "आम्हाला माहीत होतं गौरम्मा. तुम्हाला दुखवायचं कशाला, म्हणून कुणी बोललं नाही."

गौराबाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी लक्ष्मीला हात धरून पायऱ्या उतरवल्या होत्या. गौराबाईंचं मन सांभाळायला.

नागरत्नाबाई उठल्या. त्या गौराबाईंकडं आल्याच नाहीत, सरळ उंबऱ्यापाशी गेल्या. "लक्ष्मीबाई, मी त्या दिवशी फार वाईट बोलले तुम्हाला. हेडमिस्ट्रेस असून दुसरी बाजू विचारली नाही."

"असू दे हो, असू दे," लक्ष्मीदेवी कसनुसं हसून म्हणाली. तिला लवकर बाहेर पडायचं होतं. निघताना तिनं गौराबाईंकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, पण आधीची मायाही नव्हती. गौराबाईंनी मान खाली घातली.

दसरा झाला. त्या रात्रीची बन्नीमंटप मैदानावरची मशालींची कवायत बघायला सुब्बराव आपल्या मुलांना घेऊन गेला, गौराबाई गेल्या नाहीत. पुढं डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. मग एका मंगळवारी, कुणी न बोलावता, लक्ष्मीदेवी दुकानात आली. नात आता शाळेत जायला लागली होती. "घरी बसून काय करू?" एवढंच म्हणाली आणि पदर खोचून मागं हंड्याशी गेली. त्यानंतर आठवड्यातून दोनदा ती येऊ लागली.

काम ती पूर्वीसारखंच करायची. नमुन्याशी रंग बरोबर लागायचा. पण कपडा बाहेर काढायच्या आधी दर वेळी कुणालातरी विचारायची, "बरोबर आहे ना?" सुब्बरावला, पाणी भरायला आलेल्या बाईला, समोर उभ्या गिऱ्हाइकाला, कुणालाही. गौराबाई जवळ असल्या की दुसरं कुणी बोलायच्या आत त्याच घाईघाईनं म्हणायच्या, "बरोबर आहे, बरोबर आहे."

एक दिवस असंच झालं. लक्ष्मीदेवीनं काठीवर आमसुली साडी उचलली. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

लक्ष्मीदेवी थांबली. साडीतून पाणी ठिबकत होतं. "तू बघितलंस तरी का अक्का?"

गौराबाईंनी बघितलं नव्हतं.

"सुम्ने बरोबर म्हणत जाऊ नकोस," लक्ष्मीदेवी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी कधी असं बोलली नव्हती. "तेव्हा न बघता चूक म्हणालीस. आता न बघता बरोबर म्हणतेस. मला काय कळायचं त्यातून? बघ आणि सांग."

गौराबाईंनी साडीचं लोंबतं टोक आणि नमुना घेतला, मागच्या दाराशी उन्हात गेल्या. दोन्ही शेजारी धरले. एकदा बघितलं, उलटून बघितलं. लाल किंचित कमी होता. अगदी किंचित. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी हे भर दुकानात ओरडून सांगितलं असतं. आज त्या नमुना धरून तिथंच घुटमळल्या.

त्या परत आत आल्या. लक्ष्मीदेवी काठी धरून तशीच उभी होती.

"लाल कमी पडतोय," गौराबाई म्हणाल्या. त्यांना तिच्याकडं बघवत नव्हतं. "थोडासा."

लक्ष्मीदेवीनं त्यांच्या हातातून टोक आणि नमुना घेतला, स्वतः उन्हात जाऊन पाहिलं. परत येऊन लाल रंगाचा डबा खाली काढला आणि चमचा त्यांच्यापुढं न धरता स्वतःच बुडवला.

"हां," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटत होतं."